मालक नव्हता म्हणूनच

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझी सगळी नोकरी आयुर्विम्याच्या दावे विभागात झाली. आता कधी महिला मंडळात, कधी कॉलेजात विम्यावर बोलायला जाते. जुन्या मुंबईचा विषय निघाला की कोणीतरी हमखास विचारतं, ‘इंग्रजांच्या राज्यात आपले लोक सोनं-जमीन सोडून म्युच्युअल विमा संस्थेत पैसे का भरत होते? धड मालकही नसलेल्या संस्थेवर त्यांनी विश्वास कसा ठेवला?’

माझं उत्तर एवढंच, की मालक नव्हता म्हणूनच ठेवला.

बॉम्बे म्युच्युअल लाइफ अ‍ॅश्युरन्स सोसायटी १८७० सालची. त्याआधीच्या पाच वर्षांत मुंबईकराने काय काय पाहिलं होतं ते आधी बघा. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू होतं तोवर कापसाला सोन्याचा भाव होता, आणि त्या पैशावर समुद्रात भराव घालून जमीन करायला निघालेल्या बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. युद्ध संपलं, १ जुलै १८६५ ला वायद्यांचे हिशेब चुकते करायची वेळ आली आणि भलेभले बसले. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. पाठोपाठ १८६९ मध्ये लंडनची अल्बर्ट ही विमा कंपनी बुडाली. लहान लहान विमा कंपन्या गिळत ती मोठी झाली होती, आणि अशाच एका कंपनीबरोबर हिंदुस्थानातले विमेदारही तिच्या पदरात आले होते. ‘साहेबाची कंपनी म्हणजे पक्की’ ही समजूत तिथे संपली असणार.

अशा शहरात एक संस्था म्हणते, आमच्याकडे भागधारक नाहीत, विमेदार हेच सभासद, जे उरेल ते तुमचंच. महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या कारकुनाला आणि शाळामास्तराला यातलं मर्म कळायला वेळ लागला नसेल. भिशी त्याला ठाऊकच होती.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. परदेशी कंपन्या सुरुवातीला इथल्या माणसाचा विमा घ्यायलाच तयार नसत. पुढे घेऊ लागल्या तेव्हा त्याचं आयुष्य कमी प्रतीचं धरून जादा हप्ता लावत. शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या साहेबापेक्षा याने जास्त भरायचं, कारण हा इथला. बॉम्बे म्युच्युअलने हिंदी माणसाचा विमा साध्या दराने उतरवायला सुरुवात केली. आमच्या धंद्याच्या इतिहासात यापेक्षा मोठी गोष्ट मला दिसत नाही. मुंबईच्या करदात्यांना नगरपालिकेत प्रतिनिधी निवडून द्यायचा हक्क मिळाला तो १८७२ च्या कायद्याने. त्याच्याही आधी एका दरपत्रकात त्यांना बरोबरीची जागा मिळाली होती.

आता उरलेले पैसे म्हणजे काय, ते सांगते, कारण खरं आकर्षण तिथेच आहे. विम्याचा हप्ता ठरवताना मृत्यूचा अंदाज थोडा चढा आणि व्याजाचा थोडा उतरता धरतात. माणसं अंदाजापेक्षा जास्त जगली, व्याज बरं आलं, खर्च आटोक्यात राहिला, की ठराविक वर्षांनी होणाऱ्या मूल्यमापनात शिल्लक दिसते. भागभांडवलाच्या कंपनीत तिच्यातून भागधारकांचा वाटा निघतो. म्युच्युअलमध्ये वाटा मागायला दुसरं कोणी नसतंच. बोनस जाहीर होतो आणि हजाराच्या पॉलिसीला हजारात इतके अशा हिशेबाने चिकटतो. एकदा चिकटला की परत काढून घेता येत नाही. मागे राहणाऱ्या बाईच्या हातात हजारापेक्षा जास्त पडतात.

त्या बाईची कायद्यातली जागा लक्षात घ्या. एकत्र हिंदू कुटुंबातल्या विधवेला १९३७ च्या कायद्याआधी नवऱ्याच्या इस्टेटीत वाटा नव्हता, हक्क होता तो अन्नवस्त्राचा. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा १८७४ मध्ये आला. बायकोमुलांच्या नावाने पॉलिसी काढली तर ती रक्कम विश्वस्त निधीसारखी वेगळी राहते, सावकाराला तिच्यावर हात टाकता येत नाही, असं त्याच्या सहाव्या कलमात आहे. पण हे हिंदूंना लागू आहे की नाही यावर हायकोर्टांचं एकमत नव्हतं. १९२३ च्या दुरुस्तीने तो वाद मिटवला. आजही ‘एमडब्ल्यूपी’ खाली, म्हणजे याच कायद्याखाली, पॉलिसी काढा असं मी प्रत्येक कर्जदार दुकानदाराला सांगते, ते याच कलमाच्या जोरावर. विधवांची हीच काळजी बंगालमध्ये विद्यासागरांना होती. १८७२ मध्ये हिंदू फॅमिली अ‍ॅन्युइटी फंड सुरू करण्यात ते पुढे होते.

दावे विभागातल्या जुन्या फायलींत मला हा काळ हाताला लागायचा. जन्मदाखला कोणाकडे असणार? वयाचा पुरावा म्हणून जन्मपत्रिका जोडलेली असायची, कडेला हळदीचे डाग, वर शके १८३२. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवून कोणीतरी पेन्सिलीने १९१० लिहिलेलं असायचं. ज्या कागदावर गुरुजींनी आयुष्ययोग मांडला, त्याच कागदावरून हप्ता ठरला. ‘विमा उतरवला म्हणजे मरण बोलावलं’ असं घरातली वडीलधारी माणसं म्हणत असताना स्वतःची पत्रिका विमा कचेरीत नेऊन देणाऱ्या त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

सगळंच चांगलं होतं असं मात्र म्हणणार नाही. परस्पर मदतीच्या नावाखाली भलत्याच योजनाही निघाल्या. वर्षभरात जमेल तेवढा पैसा त्या वर्षीच्या दाव्यांत वाटून टाकायचा, असा त्यांचा हिशेब. पहिली काही वर्षं सभासद तरुण, मरणं कमी, रकमा मोठ्या. मग सभासदांची वयं वाढत जातात, रकमा आटतात, नवे तरुण यायचे थांबतात, आणि ज्यांनी सगळ्यांत जास्त वर्षं भरले तेच रिकाम्या हाताने राहतात. राखीव निधी नसलेला आपलेपणा माणसाला बुडवतो. अशा फंडांना लगाम घालायला १९१२ मध्ये प्रॉव्हिडंट विमा संस्थांचा वेगळा कायदा करावा लागला. खरी म्युच्युअल संस्था वेगळी ठरते ती वयाप्रमाणे हप्ता घेऊन निधी साठवते म्हणून.

स्वदेशीच्या लाटेत पुढे कितीतरी विमा कंपन्या निघाल्या. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांची वेस्टर्न इंडिया १९१३ ची. त्यातल्या बऱ्याच भागभांडवलाच्या होत्या. देशप्रेम त्यांच्या जाहिरातीत होतं आणि मनातही होतं, पण शिल्लक कोणाची या प्रश्नाचं उत्तर म्युच्युअलइतकं सरळ त्यांच्याकडे नव्हतं.

मग १९ जानेवारी १९५६ च्या वटहुकुमाने आयुर्विमा सरकारच्या हाती गेला. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते. १५४ देशी विमा संस्था, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या एकत्र येऊन आयुर्विमा महामंडळ, म्हणजे एलआयसी, झालं, त्यांत बॉम्बे म्युच्युअलही होती. फोर्टमध्ये दादाभाई नवरोजी रोडवरच्या इमारतीला तिचं नाव अजून आहे.

सभासद म्हणून असलेला विमेदाराचा शब्द त्या दिवशी गेला, याचं मला वाईट वाटतं. त्याचा वाटा मात्र राहिला. महामंडळाच्या मूळ कायद्यात २८ वं कलम होतं. शिलकीतले किमान ९५ टक्के विमेदारांसाठी, असं ते सांगत होतं. मे २०२२ मध्ये महामंडळ शेअर बाजारात आलं, त्याआधी ते कलम बदललं गेलं. तेव्हापासून पॉलिसी घ्यायला आलेल्याला मी हप्त्याआधी दोन प्रश्न विचारायला सांगते: ही पॉलिसी नफ्यात सहभागी आहे का, आणि असेल तर शिलकीतला माझा वाटा किती?