ताई, एवढ्या बारीक तारा?

कोथरूडला माझ्याकडे गिटार शिकायला येणारा प्रत्येक जण एकदा तरी माझी इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घेतो, तार ओढून बघतो आणि विचारतो, "ताई, एवढ्या बारीक तारा? मग टोन कसा येतो?" गेल्या आठवड्यात तुम्हीही तेच विचारलंत. तुम्ही स्वतः कॉलेजात वाजवायचात. मुलीला न्यायला आला होतात आणि दारात चपला घालताना बोलणं निघालं, त्यामुळे उत्तर अर्धंच राहिलं. म्हणून आता सगळं लिहिते.

आपण टेनचा सेट, नाईनचा सेट म्हणतो तो आकडा सगळ्यात बारीक तारेचा, इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेला. टेन म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर. नेहमीच्या टेनच्या सेटमध्ये तारा 10 ते 46 असतात, नाईनच्या सेटमध्ये 9 ते 42. हा फरक डोळ्याला दिसत नाही, बोटाला मात्र लगेच कळतो. लांबी तीच आणि सूर तोच असेल, तर तारेचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून 10 वरून 9 वर आलं की पहिल्या तारेचा ताण 19 टक्के कमी होतो. साडेपंचवीस इंच स्केलच्या, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी तेवढी असलेल्या, गिटारवर तो सुमारे 7.3 किलोवरून 6 किलोच्या आसपास येतो.

मी 14 वर्षं इलेव्हन लावत होते. कॉलेजात फिरोदिया करंडक नाट्यस्पर्धेच्या तालमींमध्ये वरच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला होता, जाड तार म्हणजे जाड आवाज, आणि ते मी मनाशी धरून ठेवलं. बोटं सोलली तरी मला ती मेहनतीची खूण वाटायची. मग एका वर्षी गणपतीच्या आधी रोज चार-चार तास तालीम झाली आणि डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येऊ लागली. पोळपाटावर पीठ भुरभुरायचं म्हटलं तरी हात थांबायचा. डॉक्टरांनी सहा आठवडे गिटारला हात लावू नका म्हणून सांगितलं. मी ते पाळलं आणि परत आले तेव्हा नाईनचा सेट घेऊन आले.

नुसत्या तारा बदलून भागत नाही, हे त्या दुपारी शिकले. माझ्या गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकतात तो भाग, तरंगता आहे. समोरून सहा तारा त्याला ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात आणि दोघांच्या ओढाताणीत तो समतोल राहतो. तारांचा जोर कमी झाल्यावर स्प्रिंगांची सरशी झाली, ब्रिज मागच्या बाजूने लाकडाला टेकला आणि खालच्या फ्रेट्सपासून (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बाराव्यापर्यंत सगळीकडे बझ, म्हणजे तार फ्रेटला घासून होणारी खरखर. मागची पट्टी काढली. स्प्रिंगा ज्या पंजात अडकतात त्याचे दोन स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल केले, सहाही तारा सुरात लावल्या, ब्रिजकडे आडवं बघितलं, पुन्हा अर्धा फेरा. असं पाच वेळा. प्रत्येक वेळी सूर नव्याने लावावे लागतात, कारण एक तार हलली की बाकीच्या पाच उतरतात नाहीतर चढतात. नेक, म्हणजे गिटारची मान, तीही थोडी मागे गेली होती, म्हणून ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली धातूची सळई, पाव फेरा सैल केला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गिटार तशीच ठेवली, कारण लाकूड सावकाश बसतं. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) जुळवून सॅडल, म्हणजे ब्रिजवरचे तारांचे टेकू, मागेपुढे केले.

आणि मग वाजवायला बसले तर सगळं बेसूर! कॉर्ड धरली की चढलेली ऐकू यायची. गिटार सुरात होती, पण माझा हात इलेव्हनचा होता. फ्रेट्सच्या मधली तार मी इतकी खोल दाबत होते की बारीक तार ताणली जाऊन सूर वर जायचा. तार फ्रेटला टेकली की पुरे, पुढचा सगळा जोर वाया जातो आणि वर सूर बिघडवतो. मला हे 14 वर्षं कळलं नव्हतं, कारण जाड तार माझी चूक झाकून घेत होती. दीड महिना मी फक्त हलकं धरण्याचा रियाज केला. पिकने तारा छेडणारा हातही तसाच हलका केला. कोपराची कळ परत आली नाही.

आता टोनचं. फरक आहे, तो मी नाकारत नाही. अ‍ॅम्पचं बटण न हलवता दोन्ही सेट वाजवले तर नाईनचा आवाज थोडा लहान आणि खालच्या तारांवर थोडा सडपातळ येतो. पण इलेक्ट्रिक गिटारला आवाज मोठा करायला अ‍ॅम्प आहे. अकूस्टिकची गोष्ट वेगळी, तिथे तारेलाच लाकडी पाट हलवायचा असतो, तिथे जाडी कामाला येते. मुलं स्टीव्ही रे वॉन या अमेरिकन ब्लूज गिटारवादकाचं नाव घेतात. तो 13 लावायचा, खरं आहे. पण तो गिटार अर्धा सूर खाली लावायचा, त्यानेच ताण 11 टक्के उतरतो. दुसरीकडे ब्लॅक सॅबथ या रॉक बँडचा गिटारवादक टोनी आयोमी. 1965 साली बर्मिंगहॅमच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तार दाबायचा हात तोच. त्याने बोटांना घरी बनवलेल्या टोप्या चढवल्या, बॅन्जोच्या बारीक तारा लावल्या, आणि त्याच हाताने ब्लॅक सॅबथचा तो डोंगरासारखा आवाज काढला.

आपल्याकडे तर हे नवीन वाटायलाच नको. सतारीवर बाजाची तार ओढून पाच-पाच स्वरांची मींड घेतात, आणि तार जाड नाही म्हणून कोणी नाक मुरडत नाही. ऐकणारा सूर कुठे पोचला ते ऐकतो.

तुमच्या मुलीचं सांगते. तिच्या गिटारवर आधीपासून टेन होत्या. तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटला सा धरला तर रे नवव्यावर येतो. आधी नववा वाजवून रे कानात घ्यायचा, मग सातव्यावरूनच तार वर ढकलून तिथे पोचायचं. ती कोमल रे पर्यंत यायची आणि मनगट थरथरायचं. दात आवळलेले असायचे. मग नाईन लावल्या. नाईनवर तार सरकवावी तेवढीच लागते, जोर मात्र कमी पुरतो. दुसऱ्या आठवड्यात ती शुद्ध रे वर पोचली. तिथे थांबली, कान देऊन ऐकलं, किंचित चढला होता तो खाली आणला. ते ऐकून जुळवणं तिला आधी जमत नव्हतं, कारण सगळं लक्ष बोटाच्या दुखण्यात होतं.

सगळ्यांनी नाईन लावाव्यात असं माझं म्हणणं नाही. गिटारचा सूर डी किंवा सीपर्यंत खाली लावून जोरात रिदम वाजवणाऱ्याला त्या लोंबकळतील, त्याने टेन-इलेव्हनच ठेवाव्यात. पावणेपंचवीस इंच स्केलच्या गिटारवर तार मुळातच सैल लागते, तिथे मीही टेन लावते.

तुमची जुनी गिटार माळ्यावर आहे म्हणालात. रविवारी सकाळी घेऊन या. नाईनचा एक सेट माझ्याकडे आहे, फक्त स्टारचा स्क्रूड्रायव्हर आणा, माझा मुलांनी कुठेतरी हरवलाय.