बडोद्याला या, पण राजवाड्यापासून सुरुवात करू नका

महाराष्ट्रातला पाहुणा बडोद्यात उतरला की पहिली रिक्षा लक्ष्मी विलास राजवाड्याची करतो आणि अर्धा दिवस तिथेच घालवतो. आम्ही इथली मराठी मंडळी उलटं सांगतो: सकाळ रावपुऱ्याला द्या. तिथला तांबेकर वाडा म्हणजे गायकवाडांचे दिवाण भाऊ तांबेकर यांचं चारमजली लाकडी घर. वरच्या दालनाच्या भिंती चित्रांनी भरल्यात. रासलीला, महाभारत आणि त्यांच्याच शेजारी इंग्रज-मराठ्यांची लढाई! आत उजेड बेताचा असतो, म्हणून ऊन वर असतानाच जा.

कीर्तिमंदिरातही, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकातही, भिंतींसाठीच जायचं. तिथे बंगालचे चित्रकार नंदलाल बोस यांनी गंगावतरण, मीराबाई, टागोरांचं नाटक ‘नटीर पूजा’ आणि महाभारतातलं युद्ध रंगवलंय. सयाजीराव गेले त्या 1939 साली हे काम सुरू झालं. शहराचं एवढं मोठं वैभव, पण पाहुण्यांच्या यादीत ते क्वचितच असतं.

मग खुशाल राजवाडा बघा, फक्त सोमवार टाळून. एक घोटाळा मात्र नेहमी होतो. रविवर्म्याची चित्रं बघायची म्हणून लोक राजवाड्याचं तिकीट काढतात, आणि चित्रांचा मुख्य संग्रह असतो आवारातल्या फत्तेसिंग संग्रहालयात. त्याचं तिकीट वेगळं. घाईत असाल तर संग्रहालय आधी उरका. नवी कला बघायची असेल तर विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये डोकवा. शैक्षणिक वर्षाच्या अखेरीला विद्यार्थ्यांची कामं स्टुडिओतच मांडलेली असतात.

आता पोटाचं. इथली शेवउसळ मिसळीच्या अपेक्षेनं खाल्लीत तर हिरमोड होईल. मटकी नाही, फरसाण नाही. पांढरे वाटाणे, लसणाचा पातळ रस्सा, जाड शेव, कांदा, लिंबू, पाव. लाल तर्री वेगळी मिळते, ती चमच्याचमच्यानं घ्या; तिखट घशाशी उशिरा पोचतं आणि तोवर वाटी लाल झालेली असते. शेव एकदम ओतू नका. दोन घासांपुरती घाला, नाहीतर तिचा लगदा होतो. रस्सा आटला की निःसंकोच पुन्हा मागा, इथे तशीच पद्धत आहे.

नवरात्रात गरब्याला येणार असाल तर मोठ्या मैदानांचे पास आधी घ्या. खेळणाऱ्यांचा आणि बघणाऱ्यांचा पास वेगळा असतो. पारंपरिक पोशाख लागतो आणि पायात चपला चालत नाहीत, त्यामुळे आदल्या दिवशी घरी थोडं अनवाणी फिरून पाय तयार केलेले बरे. रिंगण घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतं. नवख्यानं सगळ्यात बाहेरच्या रिंगणात शिरावं. आतली मंडळी वेगात असतात, तिथे एक पाऊल चुकलं की मागचे चौघं अडखळतात. गाणं मध्ये थांबत नाही, लय चढत जाते. दमलात तर बाहेरच्या बाजूनं सटकायचं, उभं राहायचं नाही.

परतताना भाकरवडी कधीही घ्या, पण लीलो चेवडो गाडीच्या दिवशीच. बटाट्याचा कीस आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ तळून केलेला हा ओलसर प्रकार. आपल्या पोह्यांच्या चिवड्यासारखा डब्यात महिनाभर टिकत नाही. दुकानात किती दिवस चालेल ते विचारा आणि पुण्या-मुंबईला पोचलात की लगेच वाटून टाका.