आमची वाटचाल : "अजून अर्धा हौदा मोकळा हाय की!"

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत कुठल्याही फौंड्रीच्या (लोखंड ओतायच्या कारखान्याच्या) डिस्पॅचला माल भरायला आमची पिकअप लागली की हे वाक्य एकदा तरी ऐकू येतंच. ते तोंडावर हसून परतवायला शिकलो आणि तिथून पुढे आमचा मालवाहतुकीचा धंदा मार्गी लागला.

मी स्वतः फौंड्रीत डिस्पॅचलाच होतो. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल हा सगळा आमचा पट्टा. माल ओतायचा एकीकडे, मशीनिंग दुसरीकडे, रंग तिसरीकडे, आणि मधली ने-आण रोजची. 2005 साली टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती आला आणि ट्रक भरण्याइतका माल नसलेल्यांची सोय झाली. पुढे काही वर्षांनी नोकरी सोडून मी एक जुना हत्ती घेतला. पण पाऊण टनात कास्टिंगवाल्याचं, म्हणजे ओतीव लोखंडी माल पाठवणाऱ्याचं, समाधान होत नाही. मग कर्ज काढून बोलेरो पिकअप घेतली, 1.7 टनाची.

बिडाचा (ओतीव लोखंडाचा) एक घनमीटर भरतो सव्वासात टनांच्या आसपास. पिकअपचा हौदा साधारण नऊ फूट बाय साडेपाच फूट. त्यात भरीव बीड सपाट पसरलं तर दोन इंचांच्या थरात 1.7 टन संपले. कास्टिंग पोकळ, वेडंवाकडं असतं म्हणून ढीग थोडा वर दिसतो, एवढंच. कोरडी वाळू असेल तर नऊ इंच. भाजीवाल्याची गाडी फाळक्याच्या वर भरूनही हलकी असते, आणि आमची तळ झाकेपर्यंत फुल्ल. हे गिऱ्हाइकाला पटवताना सुरुवातीला तोंड दुखायचं.

त्यात पिकअपला जादा पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) घालून अडीच-तीन टन ओढणं आमच्याकडे काही लपूनछपून चालत नव्हतं. पाटेवाल्याकडे सकाळी गाडी सोडली की संध्याकाळी मागून उंच होऊन मिळते. मालक खूश, कारण गाडी बसत नाही. पण पाट्यानं फक्त गाडीचं बसणं थांबतं. एक्सल तोच, बेअरिंग तेच, ब्रेकचे ड्रम तेच. टायरच्या कडेला लोड इंडेक्सचा आकडा असतो. तिथं 100 असेल तर तो टायर 800 किलोचा, 108 असेल तर 1000 किलोचा. पिकअपला मागं दोनच टायर.

याहून वाईट गोष्ट ब्रेकची. आमच्या गाड्यांना मागच्या एक्सलजवळ एलएसपीव्ही नावाचा व्हॉल्व्ह आहे. गाडी मागून किती बसली यावरून तो वजन ओळखतो आणि मागच्या ब्रेकला दाब सोडतो. जादा पाटा घातला की गाडी बसतच नाही. व्हॉल्व्हला वाटतं हौदा रिकामा आहे, आणि तो दाब रोखून धरतो. म्हणजे वजन वाढलं आणि मागचा ब्रेक कमी झाला. पुण्याला माल जातो तेव्हा कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलापर्यंतचा उतार सगळ्यांना माहीत आहे. तिथं हा हिशेब कुणाच्या डोक्यात नसतो.

म्हणून ठरवलं, आरसीवर जेवढं तेवढंच. भरलेलं वजन उणे रिकामं वजन, आणि त्यातून ड्रायव्हर, हेल्पर, आपण बसवलेली लोखंडी जाळी वजा. वजनकाट्यावर रिकाम्या गाडीचं वजन, भरलेल्या गाडीचं वजन, दोन्ही पावत्या बिलाला जोडायच्या. पहिल्या वर्षी निम्मी गिऱ्हाइकं गेली असतील. एकानं तर तोंडावर सांगितलं, "तुमच्या दोन खेपांत दुसरा एका खेपेत नेतो, भाडं कशाला दुप्पट देऊ?" त्याचंही चुकत नव्हतं, कारण जुना दंड दोन हजार आणि जादा टनाला हजार, तो भाड्यात सहज मुरायचा. 2019 च्या दुरुस्तीनं कायद्यात तेच वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार झालं, शिवाय जादा माल तिथंच उतरवायचा खर्च आपला. मोठ्या कंपन्यांनी आपल्या व्हेंडरकडं (माल पुरवणाऱ्यांकडं) काटापावती मागायला सुरुवात केली तेव्हा आमच्याकडं फायली तयार होत्या. गेलेल्यांपैकी बरेच परत आले. तो 'दोन खेपा'वाला मात्र नाही आला.

2019 आणि 2021 च्या पुरात हायवेवर पाणी आल्यानं गाड्या उभ्या राहिल्या, मध्ये कोरोना. हप्ते कसे भरले ते आमचं आम्हाला माहीत.

सध्या कास्टिंगसोबत जुन्या मशीन हलवायचं कामही वाढलंय. सव्वा टनाचा लेथ असेल तर हेडस्टॉक (लेथचं मोटर-गिअरचं टोक) केबिनकडं, कारण वजन तिकडंच जास्त. एक टन वजन मागच्या एक्सलच्या दोन फूट मागं ठेवलं की पुढच्या चाकांवरचं दोनशे किलो उचललं जातं आणि मागच्या एक्सलवर बाराशे पडतं. मग चढाला स्टिअरिंग पोकळ लागतं. पायांखाली आडवे लाकडी ठोकळे टाकतो, तेही हौद्याच्या खालच्या क्रॉसमेंबरवर (आडव्या लोखंडी पट्ट्यांवर) येतील असे, नाहीतर पत्रा चार ठिकाणी खचतो. मग चारी बाजूंनी साखळी, आणि चार-पाच किलोमीटरवर थांबून ती पुन्हा आवळायची. लाकूड दबलं की साखळी ढिली पडतेच. आमच्या ड्रायव्हर मामांना हे सांगावं लागत नाही, गाडी थांबायच्या आधी त्यांचा हात पान्यावर असतो.

दोन टनांच्या वरच्या मालासाठी आता मागं चार टायरवाली टाटा 407 घेतली आहे. गाडी सांगताना एका नगाचं वजन, नग किती आणि उतरवायच्या जागी क्रेन आहे का, एवढं सांगा. वजन माहीत नसेल तर फोटो नको, लांबी-रुंदी-जाडी पाठवा. हिशेब आम्ही करतो.