अमर बदके

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक पुठ्ठ्याचा खोका खाली आला आणि त्यातून नव्वदच्या दशकातला आमचा व्हिडिओ गेम निघाला: करडा डबा, वायरी गुंडाळलेले दोन रिमोट, पिवळ्या प्लॅस्टिकच्या काही कॅसेट आणि एक बंदूक. कॅसेटच्या तोंडाशी फुंकर मारून ती खाचेत दाबायची, हे हातांना अजून पाठ होते. नव्या टीव्हीच्या पाठीमागे वायरींना कशीबशी जागा सापडली आणि जरा चिरक्या आवाजात का होईना, ‘डक हंट’ सुरू झाला. गवतातून बदक उडाले, मी नेम धरून चाप ओढला, आणि बदक तसेच उडत पडद्याबाहेर निघून गेले. तीनही गोळ्या फुकट गेल्यावर कुत्रा गवतातून डोके वर काढून नेहमीसारखा हसला. शेजारी बसलेल्या भाचीने विचारले, “मामा, हे बदक मरतच नाही का?”

मरत नाही, हे खरेच आहे. निन्टेन्डोने 1984 मध्ये काढलेल्या या खेळातल्या बंदुकीतून बाहेर काहीच पडत नाही; उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक डोळा बसवलेला असतो. चाप ओढताच पडदा निमिषभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि तो नेमक्या त्याच वेळी बंदुकीला दिसला, तरच बदक पडते. जुन्या टीव्हीच्या काचेच्या पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत एकेक ओळ आखत जाई आणि सिग्नल येईल तसे चित्र लागलीच उमटत असे. नवा सपाट टीव्ही मात्र आलेले चित्र आधी स्वतःपाशी ठेवून घेतो, ताणतो, गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. डोळ्याला जाणवणारही नाही एवढ्या त्या उशिरात बंदुकीची पाहण्याची वेळ टळून गेलेली असते. पिक्चर ट्यूब गेली आणि बदके अमर झाली.

वास्तविक त्या खेळांमध्ये मरण हा सर्वांत स्वस्त माल होता. तीन ‘लाइफ’ मिळत, त्या संपल्या की पुन्हा तीन. नाणे टाकून खेळायच्या यंत्रांकडून आलेली ही रीत. खेळणारा मेलाच नाही, तर पुढचे नाणे टाकणार कोण? त्यामुळे मेल्याचे दुःख आम्ही कधी केले नाही, भांडलो ते पुढचा नंबर कोणाचा यावरून. त्या यंत्रांपैकीच 1980 च्या ‘पॅक-मॅन’मध्ये, म्हणजे भुतांना चुकवत ठिपके खात जायच्या खेळात, मात्र एक वेगळे मरण लपलेले होते. पातळ्यांची मोजदाद ठेवायला त्यात एकच बाइट, म्हणजे स्मृतीचा एक छोटासा कप्पा, दिलेला आहे आणि त्यात 255 च्या पुढे काही मावत नाही. म्हणून 256 व्या पातळीवर पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या आणि चिन्हांच्या कचऱ्याखाली जातो, खायला पुरेसे ठिपकेच उरत नाहीत आणि खेळ तिथेच संपतो. चार भुतांना तासन् तास हुलकावणी देत आलेल्या माणसाला अखेर एक आकडा गाठतो. तो शेवट कोणी योजलेला नव्हता, आणि कदाचित म्हणूनच मला तो खरा वाटतो.

योजलेल्या शेवटाचे उदाहरण म्हणजे गेम बनवणाऱ्या जेसन रोहररचा 2007 चा ‘पॅसेज’. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 2012 मध्ये जे पहिले चौदा खेळ आपल्या संग्रहात घेतले, त्यांत ‘पॅक-मॅन’ आणि ‘पॅसेज’ हे दोन्ही आहेत. ‘पॅसेज’ पाच मिनिटांचा, आणि त्याचा पडदा म्हणजे केवळ 16 ठिपके उंचीची एक पट्टी. वाटेत भेटलेल्या स्त्रीला सोबत घेतले, तर दोघांना मिळून अरुंद वाटांतून जाता येत नाही आणि काही खजिने सोडून द्यावे लागतात. सुरुवातीला पडद्याच्या डाव्या कडेशी असलेला माणूस कळत नकळत उजवीकडे सरकतो, केस पिकतात, पाठ वाकते. आधी ती जाते, मग तो. दुसरी ‘लाइफ’ नाही. मी तो पहिल्यांदा एकट्याने खेळलो आणि बरेच खजिने मिळवले, हे इथे सांगताना थोडे ओशाळल्यासारखे होते.

पण माझ्या बंदुकीची खरी भावंडे सापडतात ती नाम जून पाइकच्या कलाकृतींमध्ये. टीव्ही हेच ज्याचे रंग आणि कॅनव्हास होते, त्या या कोरियन कलावंताने 1988 मध्ये सोलजवळच्या ग्वाचेन येथील राष्ट्रीय संग्रहालयात 1003 टीव्हींचा मनोरा उभा केला. पाइक 2006 मध्ये गेला आणि 2018 मध्ये जीर्ण टीव्हींमुळे धोका वाढल्यावर मनोराही बंद करावा लागला. पिक्चर ट्यूब बनवणे जगात जवळजवळ थांबले होते. त्यामुळे सातशेहून अधिक जुने संच दुरुस्त करून, उरलेल्यांच्या जागी सपाट पडदे बसवून 2022 मध्ये तो पुन्हा लावण्यात आला. कॅनव्हासचा शेकडो वर्षे जुना तडा चित्राचे वय म्हणून आपण कौतुकाने पाहतो, विझलेल्या टीव्हीकडे मात्र बिघाड म्हणूनच बघतो. असे का, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

दुसऱ्या दिवशी रद्दी न्यायला आलेल्या भंगारवाल्याला मी विचारले, की जुना डब्बा टीव्ही चालू स्थितीत कुठे मिळेल का. “येतात की, काका,” तो म्हणाला, “पण आम्ही आधी मागची नळी फोडतो. तिच्यावर तांबं असतं ना.”