भार 77 टक्के, तरी तुंबलं

"मॅडम, दोन्ही राउटरवर भार 77 टक्केच आहे. मग रांग संपत का नाही?"

आलेख करवतीसारखा. एकाची रांग चढते तेव्हा दुसरा नुसता बसलेला, मग उलट. प्रत्येक दात आधीपेक्षा उंच.

वाटा दोन, उलट दिशांच्या: प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, एका राउटरमधून शिरतं आणि दुसऱ्यातून बाहेर पडतं. नियम किती समंजस: बाहेर पडणाऱ्या पॅकेटला आधी सोडा! पण एक राउटर त्यातच गुंतला की दुसऱ्याकडे नवं काही पाठवतच नाही, तो उपाशी. म्हणजे बाहेर सोडण्याचं काम दोघं आळीपाळीनंच करतात. दोन्ही वाटांचं एकेक पॅकेट बाहेर सोडायला 40 अधिक 40, 80 मिलिसेकंद. आणि प्रत्येक वाटेनं पॅकेट येतंय सरासरी दर 60 मिलिसेकंदांना. गणितज्ञ रिब्को आणि स्टोल्यार यांनी 1992 मध्येच हे दाखवलंय.

मला हे माहीत होतं हो. तरी काल घाईत म्हणाले, "कोड तपास." पोरगी रात्रभर नसलेली चूक शोधत बसली.

आता तिला काय सांगू?