ग्लास पुन्हा भरला: चूक की डाव?

ठकसेनांच्या विनोदी चित्रपटात चुका शोधणं अवघड असतं, कारण तिथे फसवणूक हाच कथेचा विषय असतो. आधीच्या शॉटमध्ये डाव्या हातात असलेली बॅग पुढच्या शॉटमध्ये उजव्या हातात गेली, तर ती कंटिन्युइटीची, म्हणजे एका शॉटमधून दुसऱ्यात गोष्टी जुळण्याची, चूक असू शकते किंवा बॅगांची अदलाबदल झाल्याची खूणही असू शकते. पडद्यावर दोन्ही अगदी सारखंच दिसतं.

म्हणून पहिल्यांदा चित्रपट कुठेही न थांबवता पाहावा. सगळा बनाव कळला, की दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहावा. संवाद ऐकू येत असले की नजर बोलणाऱ्याच्या तोंडावर राहते, ते बंद झाले की हात, बाह्या, ग्लास, भिंतीवरचं घड्याळ दिसायला लागतं. शंका आली तिथली वेळ सेकंदासकट लिहून ठेवा आणि फ्रेम एकेक करून पुढे न्या. संगणकावरच्या व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'ई'ची कळ दाबून फ्रेम पुढे सरकते. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविरामाच्या कळीने मागे आणि पूर्णविरामाच्या कळीने पुढे जाता येतं. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेम्सचा असतो, म्हणजे अर्ध्या सेकंदाची हातचलाखीसुद्धा 12 फ्रेम्समध्ये सापडते.

मग पहिला प्रश्न असा: बदल नेमका कुठे झाला? सलग संभाषणात कट पडला, म्हणजे एक शॉट संपून दुसरा लागला, आणि अर्धा झालेला ग्लास पूर्ण भरलेला दिसला, तर ती जवळजवळ नक्कीच चूक. एकच संवाद आधी मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळे एकत्र दिसतील अशा लांबच्या शॉटमध्ये, मग एकाच्या खांद्यावरून, मग दुसऱ्याच्या क्लोजअपमध्ये असा अनेकदा चित्रित होतो. यात तास जातात. दरम्यान बर्फ वितळतो, सिगारेट नवी पेटवावी लागते, कॉलर सरकते. विनोदी चित्रपटात तर नट दर टेकला, म्हणजे तोच शॉट पुन्हा घेताना दर वेळी, काहीतरी वेगळं करतो आणि संकलक हशा पिकवणारा टेक उचलतो, मग ग्लास जुळो वा न जुळो. संकलक वॉल्टर मर्च यांनी चांगल्या कटचे सहा निकष देताना भावनेला 51 टक्के वजन दिलं आणि जागेच्या त्रिमितीय सलगतेला, म्हणजे माणसं आणि वस्तू कटनंतरही जागच्या जागी असण्याला, फक्त 4. म्हणूनच अशा चुका हलगर्जीपणा म्हणून मोजणं मला पटत नाही. त्यातल्या बऱ्याच डोळे उघडे ठेवून स्वीकारलेल्या असतात.

याउलट, बदल दोन प्रसंगांच्या मधल्या वेळेत झाला असेल किंवा त्याच अखंड शॉटमध्ये झाला असेल, तर डाव समजून शोध घ्या. मधल्या वेळेत त्या वस्तूपाशी कोण होतं आणि बदलाचा फायदा कुणाला झाला, या दोन्हींना एकच नाव येत असेल तर ती खूण आहे.

पत्त्यांचा डाव हे याचं सगळ्यात उत्तम उदाहरण. टेबलावर दिसलेला प्रत्येक पत्ता कागदावर मांडा: कुणाच्या हातात, कितव्या मिनिटाला. इस्पिकचा एक्का दोघांकडे निघाला तर लगेच चूक म्हणू नका. त्या दोनांतला एक पत्ता बाहेरून आला असेल तर खेळणाऱ्यांपैकी कुणीतरी लबाडी केली आहे, आणि चित्रपट पुढे कधीतरी त्याचा हिशेब देतो का हे पाहायचं. दिला नाही तर चूक. पत्ते पिसणारे हात जवळून दाखवले की अंगठी, नखं आणि बाहीची कडही तपासा, कारण असे शॉट बऱ्याचदा वेगळे घेतात आणि हातही वेगळ्या माणसाचे असतात. 1973 च्या 'द स्टिंग'मध्ये पॉल न्यूमनच्या पात्राचे जवळून दिसणारे हात पत्त्यांचे जाणकार जॉन स्कार्न यांचे होते. याच चित्रपटाची कथा 1936 मधली आणि त्यात वाजणारी संगीतकार स्कॉट जॉप्लिनची 'द एंटरटेनर' ही रॅगटाइम रचना 1902 सालची. रॅगटाइम या अमेरिकी संगीतप्रकाराचा बहर कथेच्या काळापर्यंत ओसरला होता, पण तो सूर मुद्दाम निवडलेला होता. त्याला चुकांच्या वहीत जागा नाही.

पैशांची बॅग मात्र वजनानेच पकडता येते. डॉलरची कुठलीही नोट साधारण 1 ग्रॅमची असते. शंभराच्या नोटांत दहा लाख डॉलर म्हणजे 10,000 नोटा, सुमारे 10 किलो. नोटेची जाडी साधारण 0.11 मिलिमीटर, म्हणजे एकावर एक रचल्या तर 1.1 मीटरची चळत. एवढं एका ब्रीफकेसमध्ये कसंबसं मावतं. हीच रक्कम विसाच्या नोटांत असेल तर 50 किलो होते. ती बॅग दोन बोटांवर झुलवत नट जिना चढला, तर बॅग रिकामी आहे. प्रश्न इतकाच, की ती सेटवर रिकामी होती की कथेतही?

कथानकाच्या शंकांसाठी वेगळी वही करा. प्रत्येक पात्रापुढे लिहा: त्याला काय माहीत आहे आणि कधीपासून. मग शेवटच्या उलगड्यापासून उलटं वाचत या. सगळ्यात जास्त घोटाळे दोन ठिकाणी सापडतात. पहिलं, दोघे साथीदार बंद खोलीत एकटे असतानाही खोटं भांडण करतात. तिथे बघणारं कुणी नाही, म्हणजे ते नाटक फक्त प्रेक्षकासाठी आहे. दार किंचित उघडं असेल, कुणी पाळत ठेवून असेल किंवा त्या दोघांतला एक स्वतःच बकरा असेल, तरच ते माफ. दुसरं, सावज ठरलेलंच पाऊल टाकील या भरवशावर योजना उभी असते. त्याने दुसरं दार निवडलं असतं तर? दोन्ही दारांआड तयारी दिसत असेल तर डाव पक्का. दिसत नसेल तर तो नशिबावर चालला, आणि नशिबावर चाललेल्या डावाला बनाव म्हणणं मला जड जातं.

शेवटी फ्लॅशबॅक. मूळ प्रसंग आणि उलगड्यातला तोच प्रसंग दोन खिडक्यांत शेजारी लावून पाहा. कॅमेरा नव्या बाजूने आला तर हरकत नाही, लपलेली गोष्ट दाखवायला तो आलाच पाहिजे. पण मूळ प्रसंगात कोटाच्या खिशाकडे हात गेलाच नव्हता आणि फ्लॅशबॅकमध्ये तो खिशातून किल्ली काढतो, तर फसवणूक सावजाची झालेली नाही, आपली झाली आहे.