उलट्या बाजूची शेपटी

१५१२.३ मेगाहर्ट्झवरचा उंचवटा चौथ्या फेरीतही टिकला, म्हणून कॅव्हिटी, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीलाच घुमणारी धातूची पोकळ डबी, तिथेच थांबवून सलग ३६ तास मोजमाप घेतलं. सकाळी ते पूर्ण झालं तेव्हा उंचवटा खरखरीच्या चौदा सिग्मा वर उभा होता; एक सिग्मा म्हणजे खरखरीच्या नेहमीच्या चढउताराइतकी उंची. अ‍ॅक्सिऑन शोधणाऱ्या प्रयोगशाळेत अशी सकाळ फार क्वचित येते. त्या दिवशी खोलीत कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

कृष्णद्रव्य, म्हणजे फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं अदृश्य द्रव्य, अ‍ॅक्सिऑन नावाच्या अतिहलक्या कणांचं असेल, तर तीव्र चुंबकीय क्षेत्रात त्यांपैकी काहींचे मायक्रोवेव्ह फोटॉन व्हायला हवेत. पिअर सिकिव्ही यांनी १९८३ मध्ये ही युक्ती मांडली. फोटॉनची फ्रिक्वेन्सी कणाच्या वस्तुमानावरून ठरते: १ मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्टला सुमारे २४२ मेगाहर्ट्झ. वस्तुमान कोणालाच ठाऊक नसल्यामुळे कॅव्हिटीतला तांब्याचा रॉड किंचित फिरवायचा, १०० सेकंद ऐकायचं, पुन्हा फिरवायचा, असं महिनोन् महिने चालतं. आमची कॅव्हिटी २० लिटरची, क्षेत्र ८ टेस्ला, लोडेड क्यू, म्हणजे रेझोनन्स किती अरुंद याचं माप, सुमारे ४०,०००. एवढं सगळं जमवूनही अपेक्षित सिग्नल १० चा उणे २३ वा घात इतके वॅट, आणि तो ज्या १.५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो तिथली खरखर त्याच्या हजारपट. १०० सेकंदांत अर्धा सिग्मासुद्धा मिळत नाही. पाच सिग्मासाठी एकाच जागी साडेचार तासांहून जास्त बसावं लागतं, कारण वेळ चौपट केला तरच खरखरीचा चढउतार निम्मा होतो.

म्हणून बहुतेक उंचवटे दुसऱ्या फेरीतच विरून जातात. जे उरतात ते बहुधा बाहेरून शिरलेले असतात. जीपीएस १५७५.४२ मेगाहर्ट्झवर बोलतो, म्हणजे आमच्या शेजारीच. कॅव्हिटीला अतिथंड ठेवणाऱ्या क्रायोस्टॅटबाहेर लावलेला अँटेना कॅव्हिटी ऐकते तीच फ्रिक्वेन्सी सतत ऐकत असतो. तिथे काही दिसलं की इथला उंचवटा बाद. या वेळी अँटेनावर ३६ तासांत काहीच नव्हतं.

पुढची कसोटी कॅव्हिटीची. १५१२ मेगाहर्ट्झला रेझोनन्सची रुंदी सुमारे ३८ किलोहर्ट्झ. रॉड हलवून रेझोनन्स १९ किलोहर्ट्झने बाजूला नेला तर खऱ्या सिग्नलची ताकद निम्मी व्हायला हवी, ३८ ने नेला तर पाचवा हिस्सा. रिसीव्हरमध्येच जन्मलेला सिग्नल मात्र जागचा हलत नाही आणि कमीही होत नाही. आमचा उंचवटा अगदी हिशोबाप्रमाणे निम्मा झाला, मग पाचव्या हिश्शावर आला. म्हणजे तो कॅव्हिटीतून येत होता.

इथे घाई करायची नसते. कॅव्हिटीला दोन पोर्ट असतात. एक सिग्नल बाहेर काढणारा, अँप्लिफायरला जोडलेला. दुसरा कॅव्हिटीशी अगदी हलका जोडलेला वीक पोर्ट, ज्यातून आम्ही रेझोनन्स मोजायला एकाच फ्रिक्वेन्सीचा टोन आत सोडतो. वीक पोर्टमधून जे काही आत झिरपेल ते कॅव्हिटीतून गाळूनच पुढे जातं, त्यामुळे तेही निम्मं आणि पाचवा हिस्सा याच क्रमाने उतरतं. कॅव्हिटीची कसोटी उत्तीर्ण होणं ही गरज आहे, पुरावा नव्हे.

पुरावा चुंबक देतो. क्षेत्र निम्मं केलं की अ‍ॅक्सिऑनची ताकद चौथाई व्हायला हवी. पण चुंबक उतरवणं हे बटण दाबण्यासारखं काम नाही. क्षेत्र बदलताना तांब्यात एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह, तयार होतात, कॅव्हिटी तापते, क्वांटम अँप्लिफायरभोवतीचं क्षेत्र रद्द करणारी कॉइल पुन्हा जुळवावी लागते. दिवस जातो. शिवाय स्वतःची परीक्षा घ्यायला वीक पोर्टमधून आम्ही स्वतःच खोटे अ‍ॅक्सिऑनही सोडतो. त्यांची यादी एकाच सहकाऱ्याकडे, बंद पाकिटात, आणि चुंबक उतरवायचं ठरल्याशिवाय ती उघडायची नाही असा नियम. हा नियम मला प्राणापलीकडे महत्त्वाचा वाटतो. पाकीट आधी उघडलं तर पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर झुकतो.

चुंबक उतरवायचा निर्णय होण्याआधी १०० हर्ट्झच्या खणांत आकार एकदा शेवटचा पाहायचा होता. ३६ तासांच्या डेटात तो दिसण्याइतका स्पष्ट होता. उजवी कडा ताठ, आणि शेपटी डावीकडे लांबत गेलेली.

हे उलटं होतं. अ‍ॅक्सिऑनची एकूण ऊर्जा म्हणजे वस्तुमानाची ऊर्जा अधिक गतिज ऊर्जा. आकाशगंगेत कण सेकंदाला दोनशे-तीनशे किलोमीटर वेगाने फिरत असतील, तर गतिज भाग मूळ ऊर्जेच्या साधारण दहा लाखाव्या हिश्शाइतका, आणि तो ऋण असूच शकत नाही. म्हणून खरी रेषा डावीकडे ताठ सुरू होते आणि उजवीकडे मावळत जाते. शेपटी डावीकडे असणारा अ‍ॅक्सिऑन असू शकत नाही.

पहिली शंका आपल्याच रिसीव्हरवर घ्यायची. मिक्सर आलेला सिग्नल लोकल ऑसिलेटरच्या फ्रिक्वेन्सीशी मिसळून खाली आणतो; तो ऑसिलेटर सिग्नलच्या वर असेल तर स्पेक्ट्रम आरशातल्यासारखा उलटतो आणि सॉफ्टवेअरला तो सुलटवावा लागतो. वीक पोर्टमधून एक टोन सोडला आणि ५०० हर्ट्झने वाढवला. पडद्यावर तो उजवीकडेच सरकला. रिसीव्हर सरळ होता, उलटलेला सिग्नलच होता. मिक्सरने दोन फ्रिक्वेन्सी मिसळल्या की त्यांची बेरीज आणि वजाबाकी अशा दोन साइडबँड मिळतात, आणि वजाबाकीची, खालची, उलटलेली असते. उलटलेला स्पेक्ट्रम म्हणजे वाटेत कुठेतरी मिक्सरची खालची साइडबँड.

वीक पोर्टची केबल क्रायोस्टॅटच्या फ्लँजवर सोडवली आणि तिथे बाहेरून काही आत शिरू न देणारा ५० ओहमचा टर्मिनेटर लावला. पाच तासांनंतर १५१२.३ वर सपाट खरखर होती. उंचवटा बाद झाला होता, चुंबक उतरवायचा प्रश्नच उरला नव्हता, म्हणून आता पाकीट उघडायला हरकत नव्हती. यादीत १५१२.३ नव्हतं. १५३३.७ होतं, म्हणजे बरोबर २१.४ मेगाहर्ट्झ वर. इंजेक्शनचा, म्हणजे खोटे कण सोडणारा, जनरेटर अ‍ॅक्सिऑनचा आकार १०.७ मेगाहर्ट्झवर तयार करतो आणि १५२३.० च्या ऑसिलेटरशी मिसळतो. वरची साइडबँड १५३३.७, खालची १५१२.३. कॅव्हिटी १५३३.७ ला पोहोचायला अजून अवकाश होता, तरी जनरेटर आधीपासून चालू ठेवलेला होता.

खालची साइडबँड मुळात दबलेली असायला हवी. नव्वद अंशांच्या फरकाने दोन केबल मिक्सरमध्ये जातात, खाली त्या एकमेकींना खोडतात, वर बेरीज होते. त्यातल्या एकीच्या जोडणीचा एसएमए नट बोटाने फिरत होता. आतली पिन भिडतच नव्हती. एकच केबल उरल्यावर दोन्ही साइडबँड सारख्या उंचीच्या झाल्या, आणि प्रत्येकीची ताकद ठरवलेल्या इंजेक्शनच्या चौथाई. म्हणजे १५३३.७ ला पोहोचल्यावर खोटा अ‍ॅक्सिऑनही चौथाईच दिसला असता, आणि डिटेक्टरची संवेदनशीलता घटली असं समजून आम्ही भलतीकडेच दोष शोधत बसलो असतो. मला या दुसऱ्या शक्यतेने जास्त अस्वस्थ केलं.

दोन्ही नट टॉर्क रेंचने आवळले. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर खालची रेषा वरचीच्या ३० डेसिबल खाली, म्हणजे हजाराव्या हिश्शावर गेली. १५१२.३ च्या आसपासचा डेटा बाद धरून तो पट्टा नव्याने घ्यायचं ठरलं, आणि प्रत्येक इंजेक्शनच्या नोंदीत आरशातली फ्रिक्वेन्सीही लिहायचं. त्याच रात्री सहकाऱ्याने १५३३.७ रद्द केलं, नवी यादी पाकिटात बंद केली, आणि रॉड पुन्हा फिरू लागला.